पुढचे दोन, मागचे दोन

बुधवारी खजराण्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन परतताना अँबॅसडरचा मागचा डावा टायर फुटला, तेव्हा गाडीत बसलेल्या जगदाळ्यांच्या घरच्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी दौलतरावांकडे पाहिलं. गाडी चालवणाऱ्याकडे माणसं पाहणारच. पण त्या पाहण्यात 'काय झालं' असं कोणी विचारत नव्हतं. 'काय केलंस' असं विचारत होतं.

दौलतराव खाली उतरले. पँटचे पाय दुमडले, डिकीतून जॅक काढला आणि रुचीला हाक मारली. रुची त्यांच्या धाकट्या भावाची, अच्युतची मुलगी, वय वर्षं दहा. घरात काहीही मोडलं की ती काकांच्या शेजारी उकिडवी बसायची, कारण मोडलेली वस्तू उघडताना काका ती आत कशी असते ते सांगायचे.

"आधी नट सैल करायचे, मग जॅक लावायचा. का सांग?"

रुचीनं विचार केला. "कारण नंतर चाक हवेत असेल, तर ते पण फिरेल."

"बरोबर. जमीन आपल्याला मदत करते, तेवढ्यात काम करून घ्यायचं."

स्टेपनी बाहेर आली. रुचीनं तिच्यावरून हात फिरवला. "काका, ही तर बिलकुल टकली आहे."

"बाकीच्या तिघांनाही बघ."

तिनं गाडीला फेरी मारली आणि येऊन गंभीरपणे सांगितलं, "सगळेच आजोबांसारखे आहेत."

पुढच्या सीटवर बसलेल्या आजोबांनी, म्हणजे अप्पासाहेबांनी, ते ऐकलं, पण ऐकलं नाहीसं केलं. मात्र घरी पोचल्यावर चपला काढता काढताच त्यांनी जाहीर केलं, "उद्या संध्याकाळी बैठक. विषय, टायर."

अप्पासाहेब चौतीस वर्षं मिलमध्ये वीव्हिंग मास्तर होते. सहाशे माग त्यांच्या हाताखाली. ते मानानं निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी मिलही बंद पडली, तिला मात्र मान कोणी दिला नाही. एके दिवशी भोंगा वाजला नाही, एवढंच. पण मिलचं कामकाज जगदाळ्यांच्या बैठकीच्या खोलीत एक दिवसही खंडित झालं नव्हतं. कुकर घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागत. फ्रिजची उपसमिती दोन उन्हाळे चालली, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी थंडी पडल्यामुळे विषय तहकूब झाला होता. बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम रुचीकडे, कारण घरात तिचंच अक्षर वाचता येत असे.

भोंगा थांबला तेव्हा दौलतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमच्या खात्यात फिटर. आज त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत घरानं त्यांना एकच काम मोकळ्या मनानं दिलं होतं, गाडी. गाडी कुठे न्यायची, कधी न्यायची, कोण बसणार हे घर ठरवी. दौलतराव नेत. एखाद्या गोष्टीवर त्यांचं मत काय, असं मात्र त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला दुखऱ्या जागेला हात लागू नये म्हणून विचारत नसत. मग सवय झाली.

आणि या वेळी मुद्दा साधा नव्हता. रविवारी उज्जैनला जायचं होतं. दौलतरावांची मुलगी पूर्णिमा भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. उज्जैनच्या प्रतापरावांचा मुलगा तिला बघून गेला होता, पसंती कळली होती, आणि आता रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं होतं. सांवेरच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं, भरल्या गाडीनं.

गुरुवारी अच्युत ऑफिसातून आला आणि बैठक सुरू झाली. अच्युत पलासियाच्या एका कंपनीत पेजर विकायचा. त्याच्या पट्ट्याला अडकवलेलं यंत्र वाजलं की घरातली माणसं बोलायची थांबत आणि तो ते वाचून 'काही नाही' म्हणेपर्यंत थांबून राहत.

"विषय एक. गाडीचे टायर, नग चार," अप्पासाहेब म्हणाले.

"अप्पा, त्याआधी मी एक सांगू का?" दौलतरावांनी सुरुवात केली. "टायर घेताना सगळ्यात मोठी गोष्ट ही की..."

"आधी कोटेशनं. मग चर्चा. ही पद्धत आहे." अप्पासाहेबांनी चष्मा लावला. "अच्युत."

अच्युतनं एक चकचकीत पत्रक टीपॉयवर ठेवलं. त्यावर डोंगरात वळणाऱ्या लाल गाडीचं चित्र होतं. "रेडियल. अप्पा, आता मार्केट खुलं झालंय. सगळी दुनिया रेडियलवर चाललीय आणि अपन अजून बैलगाडीच्या जमान्यात. जर्मन टेक्नॉलॉजी आहे. पन्नास हजार किलोमीटर बघायला नको."

"आपली गाडी वर्षाला किती पळते?"

सगळ्यांनी दौलतरावांकडे पाहिलं. आकडा हवा असला की पाहत. "दोन हजार. फार तर."

"म्हणजे पंचवीस वर्षं," अप्पासाहेब म्हणाले.

अप्पासाहेब एक्याऐंशीचे होते आणि जो तो मनात बेरीज करत होता. ती त्यांनीच करून टाकली. "तेव्हा मी एकशे सहा वर्षांचा असेन. खांदा द्यायला माणसं नसली तर टायर असतील, हे चांगलं झालं."

"असं काय बोलता अप्पा," मंजिरी म्हणाली. मंजिरी म्हणजे अच्युतची बायको.

"कोटेशन नंबर दोन," अप्पासाहेबांनी खिशातून पोस्टकार्डाएवढा कागद काढला. "आपला मारुती. मिलमधला. आता त्याचं टायरचं दुकान आहे. तो रिमोल्ड करून देतो. जुन्या टायरचा सांगाडा धड असला की त्यावर नवं रबर चढवायचं. वस्तू टाकायची नाही, हे त्याला मिलनं शिकवलं. चौतीस वर्षांत मी एक बॉबिन फेकू दिली नाही."

"म्हणूनच तर बंद पडली," अच्युत म्हणाला.

तो हे वडिलांना म्हणाला होता, पण लागलं ते दौलतरावांना. त्यांनी टीपॉयवरच्या लाल गाडीकडे पाहिलं. त्या डोंगरातल्या रस्त्यावर एकही खड्डा नव्हता.

तिसरं कोटेशन साध्या नव्या नायलॉन टायरचं होतं. ते कोणी वाचलंच नाही. तीन हवीत म्हणून आणलेलं तिसरं होतं ते.

आता पक्ष ठरलेले असायला हवे होते. बायका नवऱ्यांच्या बाजूनं, दौलतराव कोणाच्याच बाजूनं नाही. पण मंजिरीनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना चकवलं.

"मला अप्पांचं पटतं. जुन्या गाडीला कशाला उगाच महागडे टायर? चालेल तेवढी चालवायची."

अच्युतनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पेजरवर चुकीचा निरोप आला आहे. दौलतरावांना मात्र उलगडा झाला. पंधरा दिवसांपूर्वी ही दोघं एक छोटी नवी गाडी बघून आली होती, हे त्यांना रुचीनं सांगितलं होतं. रंग लाल, असंही सांगितलं होतं. रिमोल्ड फार तर वर्षभर टिकला असता. पंचवीस वर्षांच्या टायरवर उभी असलेली अँबॅसडर दारातून हलवायची कशी, हा मंजिरीचा प्रश्न होता आणि तो तिच्या जागी रास्त होता.

"मला नाही पटत," सुलोचना म्हणाली. दौलतरावांची बायको बैठकीत क्वचित बोलायची. "उज्जैनचे लोक खानदानी आहेत. प्रतापरावांचे आजोबा दरबारात होते. त्यांच्या दारात आपण रबर चढवलेल्या टायरांवर जाऊन उभं राहायचं? भाऊजी म्हणतात तेच आणा. दिसायला तरी बरे आहेत."

पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन आली होती. "आई, ते माणसं बघतील की चाकं?"

"माणसं बघून झाली त्यांची. आता चाकंच राहिलीत."

"मी काय म्हणतो," दौलतरावांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, "रेडियल घ्या, रिमोल्ड घ्या, काहीही घ्या. पण चारही टायर..."

"साखर कमी आहे का गं यात?" अप्पासाहेबांनी विचारलं. साखर आली. ती ढवळून होईपर्यंत दौलतरावांचं वाक्य थंड झालं होतं.

"दोन विरुद्ध दोन," अप्पासाहेबांनी निकाल सांगितला.

रुचीनं वहीतून मान वर केली. "काकांचं व्होट राहिलं."

"त्याचं काय," अप्पासाहेब म्हणाले, "तो चालवणारच आहे."

ते हे प्रेमानं म्हणाले. घरात माणसानं रागावून काही म्हटलं तर भांडता तरी येतं.

मग अप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. एकदा मिलच्या संपात मालक आणि युनियन दोघंही हटेनात, तेव्हा अर्ध्या खात्यांना एका पाळीचा नियम आणि अर्ध्या खात्यांना दुसऱ्या पाळीचा, असा समझोता त्यांनी घडवून आणला होता. तो कसा चालला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. फक्त सह्या झाल्या त्या दिवशी पेढे वाटले, हे सांगत.

"पुढचे दोन टायर रेडियल," ते म्हणाले. "मागचे दोन रिमोल्ड."

सगळ्यांना एकदमच ते पटलं. सुलोचना म्हणाली, पाहुणे आले की यजमान समोरून येतात, त्यांना पुढचेच दिसणार. मंजिरी म्हणाली, निम्मा खर्च वाचला. अच्युतला वाटलं, निम्मी गाडी तरी नव्या युगात आली. कोणी हरलं नव्हतं. एवढा सुंदर ठराव या खोलीत कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"लिही रुची. सर्वानुमते," अप्पासाहेब म्हणाले.

दौलतराव रिकामे कप गोळा करत होते.

शनिवारी दुपारी ते गाडी घेऊन मारुतीच्या दुकानात गेले. मारुती सोळाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. आता त्याच्या हाताखाली चार माणसं होती. दौलतरावांना बघून त्यानं तोंडातलं पान थुंकलं आणि लाकडी खुर्ची स्वतः पुसली.

"बसा उस्ताद. आपल्याकडे चहा आधी, टायर नंतर." मग ठरावाची चिठ्ठी वाचून तो थांबला. "पुढे रेडियल, मागे रिमोल्ड. ये आपने बोला?"

"घरानं ठरवलंय."

"मतलब तुम्ही नाही बोललात." मारुतीनं आवाज खाली आणला. "उस्ताद, पुढचा टायर पकडून ठेवणार, मागचा फिसलणार. वळणावर ब्रेक लावला की गाडीची शेपटी आधी पोचेल."

"माहीत आहे."

"तरी लगाऊं?"

दौलतराव चहाच्या कपात बघत राहिले.

"तुम्ही मला एकदा टपली मारली होती," मारुती म्हणाला. "फ्रेमला दोन मापाचे रोलर लावले म्हणून. बोलले होते, धागा तुटला तर जोडता येतो, पण हाताला चुकीची सवय लागली तर ती सुटत नाही."

"टपली मारल्याचं आठवत नाही मला."

"मला आठवतं ना. लागली मला होती."

पाच वर्षं जो माणूस 'हो' म्हणत आला आहे, त्याच्या तोंडून दुसरं काही निघायला वेळ लागतो. "लाव," दौलतराव म्हणाले.

घरी येताना त्यांनी गाडी बैलाच्या चालीनं आणली, आणि तरीही पलासियाच्या चौकात सिग्नलला वळताना ब्रेक दाबला तशी मागची बाजू हातभर घसरली. शेजारच्या स्कूटरवाल्यानं पाय टेकून हटकलं, "ओ भिया, गाडी चला रहे हो के नचा रहे हो?" दौलतरावांनी त्याला हात जोडले. मग गाडी कडेला घेतली. त्यांना स्वतःची भीती वाटली नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे सांवेरचा रस्ता आला होता, समोरून येणारा ट्रक, आणि मागच्या सीटवर मधोमध बसलेली रुची.

घरी बैठकीच्या खोलीत उद्याची तयारी चालली होती. सुलोचना नारळ मोजून घेत होती, अप्पासाहेब जरीची टोपी उन्हात धरून बघत होते.

"उद्या मी गाडी चालवणार नाही," दौलतराव म्हणाले.

नारळ जागच्या जागी थांबले.

"बरं वाटत नाही का तुला?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"मला बरं आहे. गाडीला नाही. पुढे एक आणि मागे एक जात लावलीय. ती सरळ चालणार नाही."

"अहो, लेकीचं काम आहे," सुलोचनाचा आवाज चिरकला. "आज सांगताय हे?"

"ठराव झालाय दौलत. सर्वानुमते."

"टायरला ठराव वाचता येत नाही, अप्पा."

पूर्णिमा आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. वडील असं काही बोलू शकतात, हे तिनं लहानपणी पाहिलं असावं, कारण ती बघत होती ती एखादी जुनी ओळख पटावी तशी.

अच्युत उठला. "चावी दे दादा. उद्या मी चालवतो. एवढं टेन्शन कशाला?"

इतक्या सहज ते काम हातातून जाणार होतं. दौलतरावांनी चावी खिशातून काढली आणि मुठीतच ठेवली. ती अच्युतला दिली की घरात आपलं काय उरलं, हे त्यांनी एकदा मोजून पाहिलं. मग ती त्यांनी देऊन टाकली.

"चालव. पण आधी आत्ता एक फेरी मार. मी शेजारी बसतो. दुसरं कोणी येणार नाही. रुची, तू पण नाही."

मिलच्या मागच्या भिंतीलगत एक रुंद रस्ता होता. पूर्वी तिथे कापसाच्या गाठींचे ट्रक सकाळपासून रांग लावून उभे असत. आता रस्ता होता, ट्रक नव्हते, आणि डाव्या हाताला नुसतं मैदान. अच्युतनं काच खाली केली, रेडिओचं बटण फिरवून पाहिलं. रेडिओ अकरा वर्षं बंद होता.

"बघ, एकदम मख्खन," तो म्हणाला.

"पन्नासपर्यंत घे. त्या खांबापाशी डावीकडे वळव आणि वळता वळता ब्रेक दाब. जसा एखादं जनावर आडवं आल्यावर दाबशील, तसा."

अच्युतनं तसं केलं. गाडीचं तोंड वळलं, आज्ञाधारकपणे, जर्मन टेक्नॉलॉजीनं. आणि मागची बाजू तोंडाला गाठायला निघाली. मिलची भिंत, मैदान, आलेला रस्ता, पुन्हा भिंत असं सगळं काचेसमोरून गेलं. गाडी थांबली तेव्हा ती जिकडून आली होती तिकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्याभोवती धूळ अगदी सावकाश खाली बसत होती.

अच्युतचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. पट्ट्याला पेजर वाजला. त्यानं तो पाहिला नाही.

"हे तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग गुरुवारी का नाही बोललास?"

"बोललो. दोनदा. पहिल्यांदा कोटेशनं आडवी आली, दुसऱ्यांदा साखर."

अच्युत हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. चाळिशीचा माणूस, पण त्या क्षणी तो थेट तसाच दिसत होता, जसा सायकल शिकताना याच रस्त्यावर पडून गुडघा फुटल्यावर दिसला होता. तेव्हाही दौलतरावच मागे धावत होते.

"दादा, मी ते मिलचं बोललो ना, म्हणूनच बंद पडली... ते मी अप्पांना..."

"कळलं मला. ऊठ, इकडे बस. आता मी चालवतो."

"घरी काय सांगायचं? परत बैठक बोलवावी लागेल. अप्पा तीन कोटेशनं मागतील."

"बैठक नाही," दौलतराव म्हणाले. ते ऐकून अच्युतइतकंच आश्चर्य त्यांना स्वतःला वाटलं. "मारुतीकडे चाललोय."

मारुती शटरपाशी उभाच होता. त्याला यात नवल वाटलेलं दिसलं नाही.

"चारी एकसारखे," दौलतराव म्हणाले. "काय आहे?"

"या मापाचे रेडियल दोनच आले होते, बाकी सोमवारी. रिमोल्डचे सांगाडे दोनच धड निघाले. नायलॉन नवे पाच आहेत. साधे आहेत, पण एकाच घाण्याचे."

"पाचही लाव. स्टेपनीसकट."

"रेडियल परत करायचं माझ्यावर सोड," अच्युत म्हणाला. "विकणाऱ्याला विकणारा ओळखतो."

मारुतीनं आपल्या माणसांना बाजूला केलं आणि स्वतः पाना हातात घेतला. नट सैल करताना तो एकदाच वर बघून म्हणाला, "उस्ताद, आज टपली मारायची पाळी माझी होती."

घरी अप्पासाहेब ओट्यावर येऊन उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चष्मा पुसला, आणि दुसरी मारली.

"हे कोटेशन नंबर तीन आहे."

"हो."

"मंजुरी कोणाची?"

"माझी."

अच्युतनं मधे पडून मैदानातली हकिगत सांगितली. त्यानं ती जरा वाढवून सांगितली, गाडी एकदा फिरली होती ती दोनदा फिरवली, आणि दौलतरावांनी ते दुरुस्त केलं नाही. अप्पासाहेबांवर परिणाम झाला नाही. "तुझा हात कच्चा आहे," ते म्हणाले. ज्यानं सहाशे माग चालवले, त्याला घाबरवून पटवता येत नाही.

दौलतरावांनी खिशातला रुमाल काढला आणि रुचीला बोलावलं. "हा दोन हातांनी सरळ ओढ. उभ्या धाग्याच्या दिशेनं. वाढला?"

"नाही."

"आता दोन कोपरे धर, तिरपे. ओढ."

रुमाल लांबला आणि मधे बारीक झाला. "हा तर रबरासारखा होतो."

"टायरच्या रबराखाली कापड असतं. धागे. नायलॉनच्या टायरात ते असे तिरपे असतात, रेडियलमध्ये असे सरळ. रिमोल्डच्या आत जुना नायलॉनच. प्रत्येक जण आपापल्या जागी चांगला आहे. पण वळताना एक एवढा ताणतो आणि दुसरा तेवढा. मग गाडीनं ऐकायचं कोणाचं?"

"म्हणजे झंपराला निम्मी बाही उरेब आणि निम्मी सरळ लावल्यासारखं," सुलोचना दारातून म्हणाली. "झोळ येणारच. हे एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं?"

अप्पासाहेबांनी रुचीच्या हातून रुमाल घेतला. सरळ ओढला. तिरपा ओढला. बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि सवयीनं एका इंचातले धागे मोजायला लागले. सगळे थांबून राहिले. चौतीस वर्षं ज्यांनी कापडाशिवाय कशावर हात ठेवला नव्हता, त्यांनी टायर निवडताना आत काय विणलंय हे एकदाही विचारलं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलेलं सगळ्यांना दिसलं. कोणी बोललं नाही, तेवढी लाज घराला होती.

"वीण माहीत नसताना माल घेऊ नये," अखेर ते म्हणाले आणि रुमालाची घडी घालून परत दिला.

त्यानंतर जेवणं होईपर्यंत घरातला जो तो खुशीत होता, आणि दौलतरावांना त्याचं कारण कळायला वेळ लागला नाही. रेडियल गेले म्हणून मंजिरी खुश होती. रिमोल्ड गेले म्हणून सुलोचना. मंजिरीचं काही चाललं नाही म्हणून अच्युत, आणि जर्मन मंडळी दारातून परत गेली म्हणून अप्पासाहेब. आपलं म्हणणं घरानं मानलं, ते बरोबर होतं म्हणून मानलं असं काही नव्हतं. ते दुसऱ्या कोणाचं नव्हतं, म्हणून खपलं. दौलतरावांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. आधी कळलं असतं तर पाच वर्षांत बरंच काही खपवता आलं असतं.

रविवारी सकाळी पोहे खाऊन मंडळी निघाली. पूर्णिमा रीतीप्रमाणे घरीच राहिली. निघताना ती गाडीपाशी आली, टायरकडे बघून म्हणाली, "खानदानी दिसताहेत," आणि वडिलांच्या कॉलरवरचा धागा काढून आत गेली. मागे अच्युत, मंजिरी, सुलोचना आणि मधोमध रुची. पुढे जरीच्या टोपीतले अप्पासाहेब.

शहर सुटेपर्यंत ते शांत होते. मग सुरू झाले, जसे दर प्रवासात होत.

"समोर ट्रॅक्टर आहे."

"हो."

"हॉर्न दे. नको, राहू दे. आता दे. गियर बदलला का? मोठा खड्डा आहे, उजवीकडून घे. उजवीकडून म्हणालो. आणि त्या पुलावर मागच्या खेपेला तू..."

"अप्पा," दौलतराव म्हणाले. आवाज चढवला नाही. रुचीला पाना कसा धरायचा हे सांगताना असायचा, तोच आवाज. "गाडी मी चालवतोय."

सुलोचनानं मांडीवरची नारळाची पिशवी घट्ट धरली. अच्युत बाहेर शेतांकडे बघायला लागला, जणू त्याला गव्हाची चौकशी करायची होती.

दौलतरावांनी खड्डा डावीकडून घेतला. डावीकडे तो उथळ होता. पाचही जणांच्या अंगाला हिसका न बसता गाडी पार झाली आणि सरळ चालत राहिली.

सांवेर मागे पडलं. पाट्या गेल्या, एक टोलनाका गेला, ऊन वर आलं. अप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांचा हात खिडकीच्या मुठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"दौलत," ते म्हणाले, "काच थोडी खाली केली तर चालेल का?"

"करा ना, अप्पा," दौलतराव म्हणाले, आणि अप्पांना धूळ लागू नये म्हणून त्यांनी गाडी जरा हळू घेतली.